दादाची बाजू

विज्ञानाच्या बाई आणि त्यांचे थोरले भाऊ रोज संध्याकाळी जेवताना भांडत, आणि भांडणाचं कारण असे विश्वाचा शेवट. इतर घरांत नळ कोणी उघडा ठेवला, दिवा कोणी चालू ठेवला यावरून वाजतं. या घरातही वाजायचं, पण ते आपलं तोंडी लावण्यापुरतं.

बाईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे एकेक करून म्हातारे झाले आणि विचारायचे थांबले. भाऊ, म्हणजे दादा, चर्चचे पाळक होते. रविवारचा उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी यांत त्यांची हयात गेली. वहिनी लवकर वारल्या. एकुलती एक मुलगी शिकायला परदेशी गेली ती तिथलीच झाली. निवृत्तीनंतर दादांना पाळकाचं घर सोडावं लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्याकडे ये. एक खोली मोकळीच आहे. फक्त सकाळी मोठ्याने प्रार्थना करायची नाही."

"आणि तू जेवताना मोठ्याने शंका काढायच्या नाहीत," दादा म्हणाले.

दोघांनीही शब्द दिला आणि दोघांनीही तो पहिल्याच दिवशी मोडला.

घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात एक छोटं टेबल, ज्याला दोनच खुर्च्या नीट बसत. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची मागची भिंत दिसे. बाकी बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दोघं एकमेकांकडे बघत आणि बोलत.

बाई देव मानत नसत. देवाशी त्यांचा झगडा झाला होता, कोणी मेलं म्हणून मन उडालं होतं, असलं काही नव्हतं. लहानपणी दोघं एकाच बाकावर बसून स्तोत्रं गात. पुढे दादांना ती गाणी खरी वाटत गेली आणि बाईंना नुसती गोड. इतकंच. लोकांना मात्र एवढंच कारण पुरत नसे. पाळकाची सख्खी बहीण चर्चची पायरी चढत नाही म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार, असं बायका आपापसांत बोलत. बाईंच्या कानावर येई. त्या म्हणत, "घडलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं. माझंही महत्त्व वाढलं असतं."

विश्वाच्या भांडणाला सुरुवात झाली ती गरम पाण्याच्या पिशवीवरून. थंडीत दादांचे गुडघे धरत. बाई झोपायच्या आधी रबराच्या पिशवीत कढत पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून त्यांच्या अंथरुणात ठेवत. एका सकाळी दादांनी गार पडलेली पिशवी स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि सहज म्हणाले, "एवढी ऊब गेली कुठे, कोण जाणे."

बाईंसमोर असा प्रश्न टाकणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं भांडं उघडं ठेवणं.

"कुठेही गेली नाही," त्या म्हणाल्या. "थोडी तुझ्या गुडघ्यांत, थोडी गादीत, खोलीत, भिंतीत, भिंतीतून बाहेर. कणभरसुद्धा हरवलेली नाही. फक्त पसरली. आणि पसरली की संपलं. ती पुन्हा गोळा होऊन पिशवीत येत नाही. सगळीकडे आहे, म्हणून कुठेच नाही."

"असं होय."

"सगळ्याचं असंच. सूर्याचं तेच, ताऱ्यांचं तेच. एकेक पिशवी गार पडत जाणार. काही घडायला कुठेतरी जास्त आणि कुठेतरी कमी असावं लागतं, दादा. सगळीकडे सारखाच गारठा झाला की घडणं थांबलं. शेवट असा आहे. आणि तू आयुष्यभर लोकांना नव्या आकाशाच्या आणि नव्या पृथ्वीच्या गोष्टी सांगत आलास."

दुसऱ्या दिवशी ब्रेडला लोणी लावता लावता दादा म्हणाले, "छोटे, तुला सगळीकडे म्हणजे कुठेच नाही. देवाचं तसं नसेल. त्याला सगळीकडे म्हणजे सगळीकडेच."

"हे उत्तर नाही. हा शब्दांचा खेळ आहे."

"मग खरं उत्तर शोधतो," दादा म्हणाले, आणि खरोखरच शोधायला बसले.

लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात, कोडी सोडवतात. दादांनी हे घेतलं. पहिल्यांदा ते म्हणाले की विझणं, झिजणं, कुजणं हे सगळं माणसाच्या पहिल्या पापानंतर जगात शिरलं. मूळ जग असं नव्हतंच. बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "त्या पहिल्या बागेत तुझ्या पहिल्या माणसाने फळ खाल्लं ना? ते पचलं कसं? पचणं म्हणजेच मोडणं. फुलाचा वास आला तो कसा? वास म्हणजेच पसरणं. सूर्य उजेड देत होता तो स्वतः झिजूनच देत होता. हा नियम काढून घेतलास तर बाग राहत नाही, बागेचा फोटो राहतो."

आठवडाभर दादा जेवताना हवापाण्याबद्दल बोलत राहिले. मग एकदम म्हणाले, "मान्य. नियम मुळातलाच. माझी चूक झाली."

बाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता उद्या काय बोलायचं, हीच चिंता वाटली. पण दादा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते दुसऱ्या दाराने आले. म्हणाले, जग गार पडायच्या आत देव मध्ये पडेल.

"म्हणजे शेवटच्या घटकेला हत्यारांची पिशवी घेऊन धावत येणारा प्लंबर," बाई म्हणाल्या. "आणि त्यानेच बसवलेली पाइपलाइन."

दादा इतके हसले की ठसका लागला. पुढच्या महिन्यात एका चर्चमध्ये पाहुणे म्हणून उपदेशाला गेले तर तिथे त्यांनी हा प्लंबर सगळ्यांना सांगितला. तिथल्या वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. दादांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

बाईंचं ठेवणीतलं वाक्य एकच होतं. त्या म्हणत, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जगात कायमची ऊब नाही. ती आणशील कुठून?"

यावर दादांनी बराच काळ काढला. उत्तर दिलं ते भांडी पुसताना. "आडात नाही हे कबूल, छोटे. मी इतकी वर्षं आडातच शोधत होतो, ही माझी चूक. पण पाऊस आडातून पडत नाही."

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. उत्तर पटलं नव्हतं. पण चांगलं होतं, आणि चांगल्याला चांगलं म्हणायची शाळेतली सवय होती. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "पुरावा काय?"

"पुरावा नाही. साक्ष आहे. मेलेला प्रभू उठलेला ज्यांनी पाहिला, त्यांची."

"साक्षीदार मेले."

"मेले. तरी बोलणं मागे घेतलं नाही."

असं ते चालायचं. दोघांत कोणी कोणाला एक इंचसुद्धा हलवलं नाही, आणि ती दोघांच्याही आयुष्यातली सर्वांत भरलेली वर्षं होती. बाईंना हे तेव्हा कळलं नाही. कळतं कधी कोणाला?

एका सकाळी दादा दाढी करत होते. न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाई गेल्या तर दादा बेसिनला धरून उभे होते, अर्ध्या चेहऱ्यावर साबण, आणि दुसरी अर्धी बाजू मेणासारखी ओघळलेली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. कपाट आहे, किल्ली हरवली, असं समजा.

काही दिवसांनी एक शब्द परत आला. एकच. तो होता "पण."

नर्सला वाटलं, आजोबा पाणी मागतायत. तिने पाणी दिलं. दादा म्हणाले, "पण!" तिने आणखी दिलं. बाई भेटायला गेल्या तेव्हा दादांचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं आणि नर्स तिसरा पेला भरत होती.

"अहो, पाणी नकोय त्यांना," बाई म्हणाल्या. "ते वाद घालतायत."

बोलायला शिकवणारी मुलगी चित्रांचे पत्ते घेऊन घरी येऊ लागली. पेला, खुर्ची, मांजर. दादा प्रत्येक चित्राकडे गंभीरपणे बघत आणि म्हणत, "पण." मुलगी शहाणी होती. तिने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही त्यांच्याशी नेहमी बोलत होता तसंच बोला. सोपं करून नको. लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच नको."

नेहमीसारखं म्हणजे भांडण. त्या संध्याकाळी दादांना सूप भरवताना बाईंनी सुरू केलं. "तर मी काय म्हणत होते, सगळं पसरत जाणार आणि गार पडणार. हे कोणी टाळू शकत नाही."

दादांचे डोळे लखलखले. "पण..." ते म्हणाले. आणि थांबले. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, कपाळाला घाम आला. पुढे काही येईना.

बाईंनी वाट पाहिली. सूप गार झालं. शेवटी त्यांनाच बघवेना. "पण पाऊस आडातून पडत नाही," त्या म्हणाल्या. "असंच ना?"

दादांनी जोरात मान हलवली.

त्या दिवसापासून बाईंना दोन्ही बाजू लढवाव्या लागल्या. आपली बाजू तोंडपाठ होती. दादाची सोपी नव्हती, कारण दादा परीक्षक म्हणून समोर बसलेले. उत्तर ढिसाळ झालं की ते डाव्या हाताने टेबल बडवत. एकदा कंटाळा आला होता म्हणून बाई म्हणाल्या, "बरं बाबा, देव शेवटी येऊन सगळं ठीक करेल, झालं?" दादांनी असा काही हात आपटला की मिठाची डबी खाली पडली.

"प्लंबर नको? ठीक आहे. नको तर नको."

मग त्यांनी दादांच्या कपाटातली जाडजूड पुस्तकं काढली. दादा दुपारी झोपले की त्या चष्मा लावून वाचत. पहिल्यांदा वाटलं, या लोकांनी साध्या गोष्टी अवघड करायचा मक्ताच घेतलाय. हळूहळू त्यातला गाभा सापडला. देवाने शून्यातून घडवलं म्हणजे जगाला स्वतःचं भांडवल नव्हतंच, कधीच नव्हतं. पहिल्या क्षणीही ते उसन्या श्वासावर उभं होतं आणि शेवटच्या क्षणीही तसंच असेल. म्हणून जग विझणार या बातमीने विश्वास ठेवणाऱ्याचं काही नवीन नुकसान होत नाही. आणि पवित्र शास्त्रातलं वचन, ते सगळ्या नव्या गोष्टी करण्याचं नाही. आहेत त्याच सगळ्या गोष्टी नव्या करण्याचं आहे. शब्द तेच, फक्त जागा बदलली, आणि केवढा फरक पडला! बाईंनी हे संध्याकाळी सांगितलं तेव्हा दादा खुर्चीत ताठ झाले आणि त्यांनी डाव्या हाताने टेबलावर हलकेच टकटक केलं. शाबासकीची खूण होती ती.

एकदा त्या दादांच्याही पुढे गेल्या. बोलता बोलता सुचलं. "हे बघ, जगाला आठवण ठेवता येत नाही. आपण आत्ता जेवलो, भांडलो, याचा माग हवेत पसरेल, भिंतीत जाईल, पुसट होत होत कोणालाच वाचता येणार नाही. म्हणजे आपण इथे होतो हे जग स्वतः सांभाळू शकत नाही. तुझं म्हणणं असं ना, की म्हणूनच ते दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला हवं? आणि नुसतं पाठ करून नव्हे. तुझा प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते. घडलेलं पुसून टाकलं नव्हतं. घेऊन उठला होता."

दादा बघत राहिले. त्यांच्या धड डोळ्यातून आणि त्या ओघळलेल्याही डोळ्यातून पाणी आलं. त्यांनी डावा हात बाईंच्या हातावर ठेवला. "पण" म्हणाले नाहीत.

बाईंना यावर उत्तर होतं. चांगलं खणखणीत उत्तर, सांभाळायला हवं म्हणून सांभाळणारा असतोच असं नाही, हे. ते जिभेवर आलं आणि त्यांनी गिळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्या भांडी घासायला उठल्या आणि नळ मोठा सोडला. आपण ज्यावर विश्वास ठेवत नाही ते याला भरवतोय, सुपासारखं, चमच्या-चमच्याने, हे त्यांच्या मनात आलं आणि तिथेच रुतून बसलं.

शेवटच्या थंडीत दादांचा तो एक शब्दही गेला. मग मान हलणं गेलं, मग टकटक. बाई बोलत राहिल्या. एक बाजू मांडायची, मग दुसरी. समोरून काहीच येत नसे. बरोबर बोललो की चूक, कळायला मार्ग नाही. परीक्षक बसलाय पण पेपर तपासत नाही, असं झालं. एका दुपारी त्या खिडकी लावायला उठल्या, परत वळल्या, आणि दादा गेले होते. इतकं साधं की बाईंनी आधी त्यांचं पांघरूणच नीट केलं.

भाचीला येता आलं नाही. तिचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर विमानात बसू देईनात. ती फोनवर नुसती "आत्या, आत्या" म्हणत राहिली. अंत्यविधीला नवे पाळक उभे राहिले. तरुण, स्वच्छ, आवाज चांगला. म्हणाले, आपले पाळकसाहेब या नाशवंत जगाचा निरोप घेऊन अधिक चांगल्या जागी गेले आहेत. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा हात आपोआप बाकावर आपटला. शेजारच्या शिंपीणबाईंना वाटलं, दुःखाने आपटला. त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि कुरवाळला. बाईंना मात्र राग आला होता. दादाला असलं बोलणं चालत नसे. जग तसंच गारठत सोडून आपण तेवढं उडून जायचं, ही पळवाट आहे, असं तो म्हणायचा. नाशवंत जगाचा निरोप कसला? त्याच जगाची तर आशा!

हे कोणाला सांगायचं? ज्याला सांगायचं तो पेटीत होता.

भाड्याने आणलेला इस्पितळाचा पलंग न्यायला दोन माणसं आली. पलंग गेला आणि खोली एवढी मोठी झाली की बाई तिचं दार लावून ठेवू लागल्या. संध्याकाळी त्या जेवायला बसत. तोंड उघडत आणि मिटत. आता दादाची बाजू मांडायला कोणी सांगत नव्हतं, आणि स्वतःची बाजू मांडायला समोर कोणीतरी लागत होतं. भिंतीशी बोलायचा प्रयत्न त्यांनी एकदा करून पाहिला. विज्ञान शिकवलेली बाई आपण, वेड लागायचं तर रीतसर लागू दे, असं स्वतःलाच म्हणून त्यांनी तो सोडला.

काही आठवड्यांनी नवे पाळक घरी आले. चर्चमध्ये दर गुरुवारी अभ्यासाला काही मंडळी जमत. या वेळचा विषय होता जगाचा शेवट. "पाळकसाहेबांचा हा आवडता विषय होता म्हणतात. त्यांची मतं तुमच्याइतकी कोणाला माहीत नाहीत. तुम्ही बोलाल का?"

"मी तुमच्यातली नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं असेलच कोणीतरी."

"सांगितलंय. सगळ्यांनीच सांगितलंय."

"मग?"

"तुम्ही नाही म्हणालात तर निवृत्त इंजिनियरसाहेब बोलणार आहेत."

हे निवृत्त इंजिनियर बाईंना माहीत होते. जग आगीत जळणार आणि तेही लवकरच, हे ते असं सांगत की जणू मेजवानीचं आमंत्रण देतायत. कोण कोण जळणार याची यादीही त्यांच्या डोक्यात तयार असावी. दादा त्यांना वैतागायचे.

"येते," बाई म्हणाल्या.

खोली चर्चच्या मागे होती. घडीच्या खुर्च्या, एक फळा, चहाचा थर्मास. फळा पाहून बाईंना धीर आला. त्यांनी खडू उचलला, पण काही लिहिलं नाही. सुरुवात अशी केली की, मी इथे माझ्या भावाच्या वतीने बोलतेय, माझ्या वतीने नाही. मग पिशवीपासून सगळं सांगितलं. पहिल्या बागेतलं फळ सांगितलं, तेव्हा लोक हसले. प्लंबर सांगितला, तेव्हा आणखी हसले.

"दादाचं शेवटचं म्हणणं असं होतं," त्या म्हणाल्या, "की जग वाचेल असं आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. शुक्रवारी क्रुसावर जो गेला तो झोपला नव्हता, बेशुद्ध नव्हता, खरोखर मेला होता. गार पडला होता. तुमची आशा त्या मरणाच्या पुढे सुरू होते, त्याला वळसा घालून नाही. तसंच जग. विज्ञान म्हणतं की ते मरणार, तर दादा म्हणायचा, हो, मरणारच. विज्ञानाशी भांडू नका, ते खरं सांगतंय. फक्त शेवटचा शब्द त्याचा आहे का, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर जगाच्या आत शोधून मिळणार नाही. मरणाऱ्याच्या खिशात औषध शोधण्यासारखं आहे ते."

बाई चांगलं बोलल्या. स्वतःलाही कळत होतं की चांगलं बोलतोय. शाळेत कधी एखादा तास असा रंगायचा. शिंपीणबाईंच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या, पण चेहरा मोकळा झाला होता. कोणीतरी हळूच "आमेन" म्हणालं.

"आता शंका," बाई म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या. आणि थांबल्या.

कोणी काही बोलेना. त्यांनी इंजिनियरसाहेबांकडे पाहिलं. निदान हे तरी उठतील, आग कुठे गेली म्हणून विचारतील. इंजिनियरसाहेब गहिवरले होते. "बाई, अगदी बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मला कधी कोणी असं सांगितलं नव्हतं."

"नाही, पण याच्याविरुद्धही बोलता येतं," बाई म्हणाल्या. आवाजात विनवणी आली होती. "पुरावा कुठे आहे, असं विचारता येतं. हवं म्हणून असतं का, असं विचारता येतं. विचारा ना कोणीतरी."

सगळे प्रेमाने हसले. शिंपीणबाई उठून आल्या आणि त्यांनी बाईंना मिठी मारली. "बाई, तुम्ही परत आलात," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेबांची प्रार्थना फळाला आली." आणि मग सगळेच आले, हात हातात घेऊन, खांद्यावर हात ठेवून. थर्मासमधला चहा ओतला गेला. बाईंनी दोनदा सांगितलं की मी त्याच्या वतीने बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. एवढ्या माणसांच्या मध्ये उभ्या असताना बाईंना जितकं एकटं वाटलं, तितकं बंद दाराच्या घरात कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांना पटलं होतं. एक त्या सोडून.

नवे पाळक त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आले. "बाई, एक विचारू? तुम्हाला स्वतःला हे पटतं?"

"पटवून देता येणं वेगळं आणि पटणं वेगळं."

"मलाही कधी कधी असं होतं," ते खाली बघून म्हणाले. बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आणखी काही बोलले असते तर बाई तिथेच फाटकाला टेकून उभ्या राहिल्या असत्या. पण त्यांचा फोन वाजला, कोणीतरी इस्पितळात होतं, आणि ते घाईने गेले. पुढे ते भेटले तेव्हा हसून नमस्कार करत. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि बाईंनीही त्यांना अडचणीत टाकलं नाही.

रविवारी भाचीचा फोन आला. आता ती हिंडूफिरू लागली होती. चर्चमधल्या कोणीतरी तिला गुरुवारचं कळवलं होतं.

"आत्या, तू म्हणे फार सुंदर बोललीस."

"बोलले खरी."

"बाबांसारखं बोललीस म्हणे."

"त्याचंच होतं सगळं."

मग लहानपणी विचारायची तशा आवाजात भाचीने विचारलं, "आत्या, बाबा आत्ता कुठे आहेत गं?"

बाईंकडे उत्तरं होती. दादाची, एकाहून एक चांगली. देवाच्या आठवणीत जपलेले आहेत, हे होतं. सगळ्या जगाबरोबर वाट बघतायत, हे होतं. भाची त्याच घरात वाढलेली, तिला ती ओळखीची वाटली असती, बरं वाटलं असतं. बाईंनी श्वास घेतला. आणि ते जमेना. तिथे शिंपीणबाईंसमोर जमलं होतं, इथे जमेना. हिने दादाचं मत विचारलं नव्हतं. हिने आत्याला विचारलं होतं.

"माहीत नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "मला खरंच माहीत नाही. तो असता तर त्याने सांगितलं असतं, आणि मी भांडले असते."

बाईंना वाटलं, दुखावलं आपण पोरीला. मग भाचीचा हुंदका ऐकू आला, आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. बाई फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"मला ना आत्या, सगळ्यांनी सांगितलं ते कुठे आहेत," भाची शेवटी नाक ओढत म्हणाली. "पत्ता दिल्यासारखं. त्यामुळे मला रडताच येईना. चांगल्या ठिकाणी गेलेल्या माणसासाठी रडायचं कसं?"

"रड," बाई म्हणाल्या. "मला इथे काही काम नाहीये."

बराच वेळ असाच गेला. मग भाचीने विचारलं, "तू जेवलीस?"

"बसणारच होते."

"मग बस. मी फोन चालूच ठेवते. मलाही स्वयंपाक करायचाय."

बाईंनी फोन टेबलावर बशीला टेकवून ठेवला आणि ताट वाढून घेतलं. तिकडे भाची काहीतरी चिरत होती. सुरीचा आवाज येत होता, मग पातेल्याचा, मग पाण्याचा. बाई सावकाश जेवत होत्या. तिकडे दाराची घंटा वाजली. "आत्या, कोणीतरी आलंय, ठेवते हं," भाची म्हणाली आणि फोन बंद झाला. ताटात थोडं राहिलं होतं. ते बाईंनी संपवलं.